मदत हवी आहे: शरभाचे पाय चार की आठ?

नमस्कार मंडळी, परवा मुलीला घेऊन जंजिऱ्याला गेलो होतो, दरवाजावर शरभ (पुराणकथांतला सिंहासारखा काल्पनिक प्राणी) कोरलाय ना, हत्तींना पंजात दाबून धरलेला, तो बघून ती तिथून हलेचना, हत्तीवर रुतलेल्या पंजाची नखं न् नखं वहीत काढून घेतली तिने. घरी आल्यावर मी तिला महाभारतातल्या शांतिपर्वातली गोष्ट सांगितली, ऋषींजवळच्या कुत्र्याचा शरभ होतो ती, तर त्यात शरभाला चक्क आठ पाय आणि वर डोळे, सिंहसुद्धा त्याला घाबरतो. मेघदूतात तर हिमालयातले शरभ ढगावर उडी मारायला जातात!

आता ती विचारतेय की बाबा मग किल्ल्यावरच्याला चारच पाय का, बाकीचे कुठे गेले? मला खरंच उत्तर देता येत नाहीये आणि काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये. मूर्तिशास्त्र किंवा दुर्ग अभ्यासणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. आठ पायांचा कोरीव शरभ कुठे पाहिला असेल तर फोटो टाका, लांब असला तरी तिला दाखवायला नेईन.