मदत हवी आहे : डिस्को एलिझियममध्ये जीव कसा वाचवायचा?

मंडळी, परभणीहून लिहितोय. 2019 चा डिस्को एलिझियम हा पोलीस तपासाचा व्हिडिओ गेम परवा सुरू केला. लढाई नाही, सगळं बोलण्यावर अन् निवडींवर; असाच खेळ मला हवा होता.

पण अडकलोय. बारापैकी सहा गुण बुद्धीला, चार मनाला दिले. शरीराला अन् हालचालीला एकेकच उरला. पहिल्याच खोलीत छताच्या पंख्यावर टाय लटकतोय. तो ओढायला गेलो, फासे उलटे पडले अन् गडी हृदयविकाराने गेला! आता शरीर वाढवून नवा डाव मांडू, की याच माणसाला सांभाळून नेऊ? मला त्याचं डोकं आवडतं, सोडवत नाही.

फाशांवर ठरणाऱ्या चाचण्यांपैकी पांढरी हुकली तर कौशल्यात गुण घालून पुन्हा करता येते, लाल एकदाच, एवढं कळलं. मग मिळालेला गुण लगेच वापरावा की अडेपर्यंत राखून ठेवावा? औषधाला पैसे ठेवावेत की आधी गड्याचं हॉटेलचं देणं फेडावं?

अजून एक. आमच्याकडं लाईट कधीही जाते अन् संवाद चालू असताना सेव्ह होत नाही. काल तासाभराची चौकशी गेली. डेस्कटॉपवर खेळणारे काय करता?

कथा मात्र फोडू नका.