‘जादू तेरी नजर’ वरातीत वाजवावे काय?

धागालेखक, वडसा
आमच्या भागात वरातीच्या डीजेवर हे गाणे हमखास वाजते आणि नवरदेवाचे मित्र ते मोठ्या हौसेने म्हणतात. १९९३च्या ‘डर’ चित्रपटात मात्र ते प्रियकराचे नसून नायिका किरणचा पिच्छा पुरवणाऱ्या राहुलचे आहे, आणि तिने हो म्हटले काय अन् नाही म्हटले काय, ती आपलीच, असे तो त्यात उघड बजावतो. तरीही गीतकार आनंद बक्षी यांना दोष देणे मला पटत नाही. त्यांनी त्या पात्राच्या तोंडी त्याला साजेल असेच लिहिले. दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके पाहणाऱ्या आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतील प्रेक्षकाला गाण्यातला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे वेगळे शिकवावे लागू नये.

वाचक, आरमोरी
दादा, झाडीपट्टीतील खलनायकाला नेपथ्य असते, सूचक संगीत असते आणि बहुधा शेवटच्या अंकात त्याचा हिशेबही होतो. डीजेवर त्यातले काहीच येत नाही. येते ती शिव-हरी यांची मोहक चाल आणि उदित नारायण यांचा गोड आवाज. गाण्याच्या आत बोलणाऱ्याविषयी संशय निर्माण करणारी खूणच नसेल, तर ऐकणाऱ्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहून हीच ओळ कुणी गुणगुणले, तर तिने आधी चित्रपट आठवावा काय?

ब्रह्मपुरीकर
हे आपल्याकडेच घडते असे नाही. ‘द पोलिस’ या बँडचे १९८३ मधील ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ अनेक जण प्रेमगीत समजतात. ते लिहिणाऱ्या स्टिंगने मात्र ते मत्सराचे आणि पाळत ठेवण्याचे गाणे असल्याचे स्वतः सांगितले आहे. अमेरिकन गायक-गीतकार रँडी न्यूमनने १९७७ मध्ये ‘शॉर्ट पीपल’ या गाण्यात पूर्वग्रहाने आंधळ्या झालेल्या माणसाच्या तोंडून बुटक्यांची निंदा करवली, तर लोक त्याच्यावरच रागावले. तेथे तर उपरोध ढळढळीत होता.

धागालेखक, वडसा
ताई, आपण मागता ती खूण येथे घातली असती, तर प्रसंगच कोसळला असता. चित्रपटाच्या आरंभी हे गाणे ऐकून किरणला वाटते की आपला प्रियकर सुनीलच कुठेतरी लपून गातो आहे. प्रेमिकाचा आणि पाठलाग करणाऱ्याचा आवाज तिला वेगळा ओळखता येऊ नये, यातच त्या कथेतली भीती आहे. त्यामुळे चाल गोड असणे ही चूक नव्हे, ती योजना आहे.

वाचक, आरमोरी
योजना मान्य आहे, आणि तीच माझ्या बाजूची साक्ष आहे. किरणचा भ्रम पुढे फिटतो. वरातीतला श्रोता मात्र कायम त्या पहिल्याच प्रसंगात राहतो.

खडी गंमतीचा जुना प्रेक्षक
कलगी-तुऱ्याच्या शाहिरी सवाल-जवाबात तुऱ्याचा शाहीर शिवाची आणि कलगीचा शक्तीची बाजू लढवतो. तो स्वतः काय मानतो, हे कुणी विचारत नाही. पण तेथे समोर उत्तर देणारा दुसरा शाहीर उभा असतो, ही गोष्ट धागालेखकांनी विसरू नये.

वाचक, आरमोरी
बरोबर. गाणे बंद करा असे मी म्हणतच नाही. ते घरी ऐकावे, त्यातल्या राहुलवर चर्चाही करावी. ‘किरण’च्या जागी नवरीचे नाव घालून ते माइकवरून म्हणण्याची जी टूम निघाली आहे, ती तेवढी थांबवावी, कारण त्या क्षणी पात्र उरत नाही आणि बोलणारा नवरदेव स्वतःच्याच नावाने बोलतो.