चर्चा: जहाजं हळू चालवून देवमाशांना खरंच शांतता मिळते का?

खाडीपार (धागाकर्ता)
अमेरिका-कॅनडा सीमेवर, सॅन हुआन बेट आणि व्हँकुव्हर बेट यांच्यामधल्या हॅरो सामुद्रधुनीतून व्हँकुव्हर बंदराची मालवाहतूक जाते. सत्तरेक उरलेल्या दक्षिणी निवासी ऑर्कांचं (किलर व्हेलचा एक गट) उन्हाळी शिकारक्षेत्रही तेच. 2017 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये बंदराने जहाजांना पाण्यातला वेग 11 नॉट्सवर (ताशी 11 सागरी मैल) आणायची विनंती केली. वेग उतरवलेल्या जहाजांचा मूळ आवाज कंटेनर जहाजांत 11.5 डेसिबल, क्रूझमध्ये 10.5, मोटारवाहूंमध्ये 9.3, टँकरमध्ये 6.1 आणि सुटा माल नेणाऱ्या बल्क कॅरियरमध्ये 5.9 डेसिबलने घटला. एक पैशाचं यंत्र न बदलता! माझं मत: ही मर्यादा ऐच्छिक न ठेवता सक्तीची आणि वर्षभराची करावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल या देवमाशासाठी, टक्कर टाळायला का होईना, ठरावीक पट्ट्यांत ठरावीक काळ 10 नॉट्सची सक्ती 2008 पासून आहेच.

इंजिनरूम
आकडे बरोबर, पण अर्धेच सांगितलेत. हे जहाजाचे आकडे झाले, देवमाशाच्या कानाचे नव्हेत. सॅन हुआन बेटावरच्या लाइम किल्न दीपगृहाजवळच्या हायड्रोफोनवर (पाण्यातला मायक्रोफोन) एकूण आवाजाचा मध्यक त्या काळात 1.2 डेसिबलनेच उतरला. वारा, जोराचे प्रवाह आणि छोट्या बोटी वगळल्यावर 2.5.

शिवाय 24 नॉट्ससाठी बांधलेलं कंटेनर जहाज 11 वर आणलं की घनाच्या नियमाने (लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते) इंजिनावर जेमतेम 10 टक्के लोड उरतो. इंजिनाला हवा पुरवणारा ऑक्झिलरी ब्लोअर सतत चालू, टर्बोचार्जर अर्धवट, एक्झॉस्टमध्ये काजळी. त्यात हवा तो वेग नेमका बॅरड रेंजमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वर्ज्य आरपीएमच्या पट्ट्यात पडला, तर शाफ्टच्या पिळाच्या कंपनामुळे त्या आरपीएमवर थांबताच येत नाही. मग वरचा नाहीतर खालचा वेग घ्यायचा, आणि भरतीच्या प्रवाहात सुकाणू सैल पडतं ते निराळंच. म्हणून तर 2018 पासून दोन गट पाडावे लागले. आता कंटेनर, क्रूझ आणि मोटारवाहूंना 14.5 आणि बल्क व टँकरना 11 नॉट्स असतात.

खाडीपार
14.5 वर लोड 22 टक्के येतो, ते चालतं ना? आणि 1.2 चा आकडा सहभागी न झालेली जहाजं धरून आहे. ही तक्रार ऐच्छिकपणाविरुद्ध जाते, वेगाविरुद्ध नाही.

घनमीटर
"हळू गेलं की जास्त वेळ आवाज" हा आक्षेप येणारच, तर हिशेब आधीच मांडतो. 16 सागरी मैलांचा पट्टा धरा. 18 नॉट्सने 53 मिनिटं, 11 ने 87. वेळ 1.64 पट, म्हणजे ऊर्जेत साधारण 2.1 डेसिबलची भर. 11.5 मधून वजा केले तरी 9 च्या वर निव्वळ फायदा. बल्क कॅरियर 13 वरून 11 ला आलं तर 0.7 ची भर आणि 5.9 ची घट.

खरा धोका 34 मिनिटांच्या तोट्यात आहे. बाहेर पडणारं जहाज ती पुढच्या हुआन द फुका सामुद्रधुनीत वेग वाढवून भरून काढतं, आणि ऑर्का तिथेही असतात.

इंजिनरूम
अजून एक गोष्ट दोघांनीही सोडली. वेग कसा उतरवला? स्थिर पिचच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरला आरपीएम कमी होतो, पात्याच्या टोकाचा वेग पडतो, पाठीवरचा दाब फार खाली जात नाही आणि कॅव्हिटेशनचे, म्हणजे कमी दाबाने तयार होऊन आवाज करत फुटणारे, बुडबुडे विरतात. पण बदलत्या पिचचा प्रोपेलर शाफ्ट जनरेटरसाठी (प्रोपेलरच्या शाफ्टवर चालणारा वीजजनित्र) एकाच आरपीएमवर फिरत असेल आणि फक्त पिच उतरवली, तर पात्याच्या दाबाच्या बाजूने कॅव्हिटेशन सुरू होतं. जहाज हळू आणि आवाज मोठा! अशा जहाजाला शाफ्ट जनरेटर सोडून आरपीएम आणि पिच एकत्र उतरवायला सांगावं लागतं. नियमात नुसते नॉट्स लिहिले तर हे निसटणार.

म्हणून माझा भर प्रोपेलरवर. पाती घासून गुळगुळीत ठेवा, कडेची खोक वेळीच भरा, हबमागे पंखांची टोपी लावा. नव्या जहाजाला वेकशी, म्हणजे जहाजामागून प्रोपेलरकडे येणाऱ्या पाण्याशी, जुळणारी पाती हवीत.

तळकान
प्रोपेलरप्रेमींनी मेर्स्कच्या 12 जी-क्लास जहाजांकडे पाहावं. प्रोपेलर आणि नाळेखालचा पुढचा बल्ब (पाण्याखालचा फुगवटा) दोन्ही बदलले. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा चॅनेलमधल्या नोंदींत कमी वारंवारतेचा मूळ आवाज 5 डेसिबलहून जास्त उतरला. पण क्षमता 9,000 वरून 11,000 कंटेनरवर नेल्यामुळे ड्राफ्ट (जहाज पाण्यात बुडतं ती खोली) सरासरी दीड मीटरने वाढला, आणि मधल्या व वरच्या पट्ट्यात बाहेर पोचणारा आवाज उलट वाढला, 2 डेसिबलच्या आत का होईना. पृष्ठभागावरून उलटून येणारी लाट मूळ लाटेला काही अंशी मारते. प्रोपेलर खोल गेला की ते मारणं कमी पडतं.

आणि ऑर्काच्या दृष्टीने वरचाच पट्टा महत्त्वाचा. त्यांच्या शिकारीच्या क्लिक्स 20 ते 60 किलोहर्ट्झच्या आसपास असतात. 100 हर्ट्झची घरघर राइट व्हेलला बाधते. 11 सप्टेंबर 2001 नंतर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बे ऑफ फंडीत वाहतूक घटली, आवाज 6 डेसिबलने पडला आणि राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंश घटले, ते 150 हर्ट्झखालच्या शांततेमुळे. दोन्ही प्राण्यांना एकच औषध लावू नका.

मालवणकर
मोठ्या जहाजाचा आवाज 190 डेसिबल असतो म्हणतात. म्हणजे जेट विमानाच्या शेजारी उभं राहणं ना? मग प्राण्यांनी काय करावं?

तळकान
नाही. पाण्यातला संदर्भदाब 1 मायक्रोपास्कल, हवेतला 20. त्यात ध्वनीला होणारा पाण्याचा अवरोध धरला की सुमारे 62 वजा करावे लागतात, आणि 190 हा प्रोपेलरपासून एक मीटरवर आणून मांडलेला आकडा आहे. तुमच्या तारकर्लीत डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींचं आउटबोर्ड जवळून उंच पट्ट्यात जास्त टोचेल. तिथे जहाजांचे नियम कामाचे नाहीत. अंतर ठेवणं आणि इंजिन न्यूट्रलला घेणं, एवढंच उपयोगी.

पाणथळ
तुम्ही आवाजातच अडकलात. या ऑर्का चिनूक सामनवर जगतात आणि तो मासा कमी झालाय. चरबीत पीसीबी ही विषारी रसायनं साठलीत ती वेगळी. भुकेल्या प्राण्याला 3 डेसिबल देऊन काय होणार?

घनमीटर
मासा कमी आहे म्हणूनच आवाज महाग पडतो! सक्शन कपचे टॅग लावलेल्या ऑर्कांत आवाज वाढला तसा शोध लांबला, पकड घटली, आणि माद्या पाठलाग सोडू लागल्या. सामनची पैदास वाढायला वर्षं लागतील, इंजिनाला वेगाचा हुकूम देणारा टेलिग्राफ मात्र आजच खाली ओढता येतो.

खाडीपार
ठीक, पिच आणि ड्राफ्टचे मुद्दे मान्य. मग नॉट्सऐवजी मोजलेल्या आवाजावर मर्यादा घाला. हॅरोला लागून असलेल्या बाउंड्री पास सामुद्रधुनीच्या तळाशी ऐकणारं केंद्र आहेच, प्रत्येक जहाजाची नोंद होते. व्हँकुव्हर बंदर शांत जहाजांना बंदर शुल्कात सूट 2017 पासून देतंय. सुटीच्या जोडीला दंडही लावता येईल.

इंजिनरूम
सुटीसाठी चालेल. दंडासाठी नाही. जहाजाचा आवाज मोजण्याची आयएसओची (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) पद्धत खोल पाणी मागते: किमान 150 मीटर किंवा जहाजाच्या लांबीच्या दीडपट, यातलं जे मोठं ते, आणि तीन हायड्रोफोन 15, 30, 45 अंशांवर. सामुद्रधुनीत तळाचे पडसाद मिसळतात. रिकामं जहाज प्रोपेलरचं टोक पृष्ठभागाजवळ घेऊन येतं, भरलेलं खोल, तेव्हा तेच जहाज जाताना आणि येताना दोन वेगळे आकडे देईल. ड्राफ्ट, पिच, आरपीएम आणि पाण्यातला वेग या चारही नोंदी सोबत नसतील, तर तो आकडा कोणताही मालक वकिलामार्फत पहिल्याच तारखेला पाडेल.