प्रतिसाद: मेहनत आणि ऊसतोड
"मेहनत केली की कुठल्याही घरातला पोरगा वर येतो," असं वर एकांनी लिहिलंय. तसं असतं तर ऊसतोडीवाले केव्हाच बंगल्यात राहायला गेले असते! बीड, पाथर्डी भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा गडी अर्धाच. (पोरापोरींची लग्नं लवकर उरकण्यामागे हेही एक कारण.) हंगामात उचल फिटली नाही की बाकी पुढच्या सालावर चढते.

शाळा जूनमध्ये सुरू होते. दिवाळी झाली की पोरगं आईबापाबरोबर कारखान्यावर. ते पहाटे उसाच्या फडात जातात, हे कोपीपाशी (झोपडीपाशी) धाकट्याला सांभाळतं. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आल्यावर वर्ग कुठल्या कुठे गेलेला असतो. गावात आजी धडधाकट असेल तर मूल मागे राहतं आणि शिकतं. आजी नसेल तर सगळी भिस्त हंगामी वसतिगृहावर, म्हणजे आईबाप तोडीला असेपर्यंत पोरांना गावातच सांभाळणाऱ्या सोयीवर. ते टोळ्या निघायच्या आत सुरू झालं का, एवढं आधी विचारा. मेहनतीचं नंतर बोलू.