मदत हवी आहे: जुना एअर रिसीव्हर (कंप्रेसरची दाबाची हवा साठवायची टाकी), नेमप्लेट पुसलेली, 10 किलो दाबाला (किलो प्रति चौ. सेमी) चालेल का?

मच्छे_वर्कशॉप:
बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी जुना उभा एअर रिसीव्हर मिळतोय. आतला व्यास 1000 मिमी, प्लेट मूळची 8 मिमी म्हणे. नेमप्लेट वाचता येत नाही, कागद एकही नाही. विकणारा म्हणतो, 15 किलोला पाण्याची टेस्ट करून देतो, मग 10 किलोला बिनधास्त चालवा. यूटी गेजवर (ध्वनिलहरींनी जाडी मोजतात तो) शेलला, म्हणजे टाकीच्या उभ्या अंगाला, कमीत कमी 6.4 मिमी आलं, खालच्या सर्कसीमच्या (घेराभोवतीच्या वेल्डच्या) वर. खालच्या डिश एंडच्या (टाकीच्या फुगीर तळाच्या) नकलला, म्हणजे कडेच्या वळणाला, 7.4. आम्हाला लाइनवर 6 किलो पुरतात. घ्यावा का?

प्लेट_आणि_सीम:
10 किलो विसरा. मटेरियल माहीत नसेल तर एपीआय 510 (दाबाच्या टाक्या तपासायचं अमेरिकन मानक) प्रमाणे एसए-283 ग्रेड सी हे साधं पोलाद धरायचं, म्हणजे प्लेटवर चालणारा ताण 108 मेगापास्कल, आणि वेल्डच्या जोडाची क्षमता 0.7. शेलची जाडी = दाब × त्रिज्या ÷ (ताण × क्षमता − 0.6 × दाब). 10 किलो म्हणजे 0.98 मेगापास्कल, उत्तर येतं 6.5 मिमी. तुमच्याकडे 6.4. शेल तिथेच नापास.

पण खरी गोची डिश एंडची आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही. डिश टोरिस्फेरिकल, म्हणजे मधल्या चपट्या घुमटाची त्रिज्या 1000 आणि कडेच्या नकलची 60 मिमी असेल, तर बिनजोडाच्या डिशला 0.85 क्षमता धरूनही 10 किलोला साडेनऊ मिमी लागतात. मूळच्या 8 लाही ते झेपलं नसतं! 2:1 लंबगोल असेल तर 5.3 पुरतात. म्हणून पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापून आकार आधी तपासा, गेज नंतर. टोरिस्फेरिकल निघाली तर 7 किलोला 6.6 लागतात, म्हणजे गंजायला 0.8 मिमी शिल्लक. सेफ्टी व्हॉल्व्ह 7 ला, कंप्रेसर आपोआप बंद करणारा कटआउट 6.5 ला. व्हॉल्व्हमधून कंप्रेसरची सगळी हवा निघाली पाहिजे, अर्ध्या इंची शोपीस नको.

खानापूर_एनडीटी:
वरच्याशी सहमत. पाण्याच्या टेस्टवर भिस्त ठेवू नका. आज फुटला नाही एवढंच ती सांगते. चीर किती खोल, जाडी किती उरली, हे नाही. आधी सीम ग्राइंड करून लाँगसीम (उभा जोड), सर्कसीम, नोझल (पाइप जोडायची तोंडं) आणि पायांच्या पॅडचे वेल्ड एमपीआयने, म्हणजे चुंबक आणि लोखंडी भुकटीने चिरा शोधायच्या टेस्टने, बघा. कंप्रेसरच्या थरथरीने पॅडच्या कडेला हमखास चिरा पडतात. टेस्ट त्यानंतर, आणि फक्त पाण्याने. वरचा व्हेंट उघडा ठेवून भरा, आत हवा अडकू देऊ नका. हवेने टेस्ट करतो म्हणणाऱ्याला गेटबाहेर काढा.

गेज स्टेप ब्लॉकवर (माहीत जाडीच्या पायऱ्यांचा ठोकळा) लावून घेतलात ना? रंगावरून घेतलेलं रीडिंग जास्त दाखवतं. पिटिंगचा, म्हणजे गंजाने पडलेला, खड्डा प्रोबखाली सापडतोच असं नाही, तेव्हा हँडहोल (हात घालायचं झाकण) उघडून आत दिवा टाका. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा ओली. ड्रेन रोज सोडला नाही तर पाणी डिशच्या तळाशी साचतं आणि तिथेच प्लेट खाते.

मच्छे_वर्कशॉप:
ड्रेनजवळ बाहेरून हातभर पॅच मारलाय. तो काढून बघायचा का?

खानापूर_एनडीटी:
पॅच असेल तर घेऊच नका, साहेब. खालची प्लेट पार झाली म्हणूनच कुणीतरी तो मारला, आणि तुमचं 7.4 चं रीडिंग पॅचवरचं असू शकतं.

प्लेट_आणि_सीम:
दुसरा बघाल तेव्हा पैसे द्यायच्या आधी दाबाच्या टाक्यांची कायदेशीर तपासणी (पूर्वी कारखाने कायदा 1948, कलम 31 खालची) करणाऱ्या सक्षम व्यक्तीला, म्हणजे सरकारमान्य तपासनीसाला, दाखवा. शेल आणि डिशवर चौकटी (ग्रिड) आखून जाडीची रीडिंग लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच जागी परत घ्या. गंजाचा वेग त्यावरूनच कळतो.