मदत हवी आहे: लेक अजून १७ ची, सायकॉलॉजीचे रिसर्च क्रेडिट कसे पूर्ण करावेत?

नमस्कार मंडळी. लेक अमेरिकेत फर्स्ट इयरला आहे. इंट्रो सायकॉलॉजीला प्रयोगांत सहभागी होऊन ४ क्रेडिट मिळवायचे आहेत, अर्ध्या तासाला अर्धा. तिला अठरा पूर्ण व्हायला नोव्हेंबर उजाडेल, आणि यादीतल्या जवळपास प्रत्येक प्रयोगापुढे '१८ पूर्ण' ही अट. काल फोनवर अगदी रडवेली झाली होती.

एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, तिथली मानसशास्त्रज्ञांची संघटना) आचारसंहितेत, कलम ८.०४ मध्ये, प्रयोगांत भाग घेणं ही कोर्सची अट असेल तेव्हा विद्यार्थ्याला तोडीचा पर्याय द्यावा असं स्पष्ट म्हटलंय. बऱ्याच ठिकाणी शोधनिबंध वाचून टिपण लिहायला देतात. तिच्या सिलॅबसमध्ये मात्र त्याचा उल्लेखच नाही.

कुणाच्या मुलांना हा अनुभव आलाय का? आम्ही इथून संमतीपत्रावर सही करून पाठवली तर चालते, की सरळ पर्यायच मागावा? आधी प्रोफेसरांना लिहावं की टीएला (त्यांच्या टीचिंग असिस्टंटला)? तिने ईमेल लिहून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही.