प्लेस्टेशनचा टोल भरायचा की पीसी घ्यायचा?

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेतली एक आई

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या या ईमेल यादीवर असला विषय चालतो की नाही ठाऊक नाही, पण मागच्या महिन्यात इथे स्नो ब्लोअरवर सतरा मेल झाल्या, म्हणून धीर केला. चिरंजीव बारा वर्षांचे. ब्लॅक फ्रायडेला पीएस5, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन 5, हवाय, आणि त्यावर ऑनलाइन खेळायला 'प्लस' म्हणून वर्षाला 80 डॉलर वेगळे. माझे दीर म्हणतात, वहिनी, पीसी घ्या, तिथे ऑनलाइनला दमडी पडत नाही. हे 80 नक्की कशाचे? इंटरनेटचं बिल तर आम्ही भरतोच.

प्रेषक: खजिनदार

ताई, तुमच्या मेलमुळे मी घरचा हिशोब काढला आणि पस्तावलो. आमच्याकडे पीएस5 आला नोव्हेंबर 2020 ला. पहिली तीन वर्षं 60 प्रमाणे. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी 80 केले. 2025 चे धरून 420 डॉलर झाले. डिस्क नसलेला पीएस5 तेव्हा 399 ला मिळत होता! सेलमध्ये हे सदस्यत्व स्वस्त मिळतं म्हणे, पण आपोआप नूतनीकरण चालू, त्यामुळे मला आठवण होते ती कार्डाचं बिल आल्यावर. मंडळाची वर्गणी पाच डॉलरने वाढवली तेव्हा सर्वसाधारण सभेत काय झालं होतं, ते सगळ्यांना आठवत असेलच.

प्रेषक: एडिसनचा काका

ताई, मी या पापात 2002 पासून आहे. त्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर ऑनलाइन खेळायचं 'एक्सबॉक्स लाइव्ह' सुरू झालं, वर्षाचे 50 डॉलर, सोबत हेडसेट. ग्रॅड स्कूलच्या स्टायपेंडमधून भरले. तेव्हा निदान वाटायचं की काहीतरी मिळतंय. मित्रांची यादी, आवाज, जोडीदार शोधून देणं, हे सगळं एका जागी दुसरीकडे कुठे नव्हतं.

आज 80 कशाचे, तर खरं सांगायचं तर टोलनाक्याचे. फुटबॉलचा गेम ज्या सर्व्हरवर चालतो ते गेम काढणाऱ्या कंपनीचे असतात, सोनीचे नव्हे. कित्येक गेममध्ये तर खेळाडूंचीच यंत्रं परस्पर जोडलेली असतात. पीएस3 वर 2006 पासून ऑनलाइन फुकटच होतं. 2013 ला पीएस4 आला आणि नाका बसला. एक्सबॉक्सवाले दहा वर्षं निमूट भरताहेत, हे सोनीला दिसत होतं.

पीसीवर असा नाका का नाही? बसवून पाहिला होता. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवरच्या लाइव्हलाही 50 डॉलर लावले, लोकांनी पाठ फिरवली आणि 2008 च्या जुलैत ते फुकट करावं लागलं. पीसीवर एक दुकान महाग वाटलं तर माणूस शेजारच्या दुकानात जातो. पीएस5, एक्सबॉक्ससारख्या कन्सोलवर दुकान एकच. तिथेही ओरडा कामाला येतो म्हणा. जानेवारी 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्हचे सहा महिन्यांचे 60 डॉलर जाहीर केले आणि त्याच दिवशी मागे घेतले.

आणि पैसे भरले की गेम सुरळीत चालतो हा गैरसमज नको. माझा पुण्यातला पुतण्या आणि मी रॉकेट लीग खेळतो, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, 200 मिलिसेकंदांच्या वर. कितीही प्लस घ्या, न्यू जर्सीतलं आमचं एडिसन काही कोथरूडच्या जवळ सरकत नाही.

आता मुद्द्याचं: मुलगा खेळतो काय?

प्रेषक: बेसमेंटमधला पीसीवाला

काकांचं सगळं मान्य, पण पीसी फुकट हे ऐकून हसू आलं. 2023 मध्ये आरटीएक्स 4060 आलं तेव्हा नुसत्या ग्राफिक्स कार्डाचे 299 होते. रॅमचे भाव तर सध्या विचारूच नका, सगळी रॅम एआयच्या डेटा सेंटरांच्या घशात चाललीय. शिवाय शनिवारी मुलगा खेळतो आणि मी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करतो. शूटर गेममध्ये लबाडी करणारे पीसीवर जास्त, हेही सांगून ठेवतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

तरी मी पीसीच घेईन. स्टीम या पीसीवरच्या गेमच्या दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम पाच-दहा डॉलरला मिळतात आणि ते आपल्याकडे राहतात. प्लसचे महिन्याचे 'फुकट' गेम वर्गणी थांबली की कुलूपबंद. शाळेचा प्रोजेक्टही त्याच यंत्रावर होतो. (होतो म्हणजे, होऊ शकतो.)

प्रेषक: पिस्कॅटवेची काकू

पाच लिटरच्या हॉकिन्स कुकरची शिटी कुणाकडे जास्तीची आहे का? विषय बदलायचा राहिला, माफ करा.

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेतली एक आई

काका, तुमचा प्रश्न मी जेवताना विचारला. आधी गोलमाल. मग कळलं की रोज फोर्टनाइट आणि अधूनमधून रॉकेट लीग.

प्रेषक: एडिसनचा काका

मग प्लस कशाला? दोन्ही गेम फुकट, आणि असे गेम प्लेस्टेशनवर वर्गणीशिवाय ऑनलाइन चालतात. माइनक्राफ्ट किंवा फुटबॉल मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं म्हटलं तरच नाका लागतो. त्याचे मित्र पीएस5 वर असतील तर पीएस5 घ्या, उगाच पीसीच्या भानगडीत पडू नका. हे चारही गेम पीसी आणि पीएस5 वाल्यांना एकमेकांशी खेळता येतात म्हणून पीसी घेतला तरी तो एकटा पडणार नाही, पण बेसमेंटवाल्यांसारखा ड्रायव्हर सांभाळणारा बाबा घरात लागतो. फुटबॉलची हुक्की आलीच तर नाताळच्या सुट्टीत एका महिन्याचेच पैसे भरा, आणि त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा. खजिनदारांनी ऐकावं.

एक तोटा आहे. प्लस नसेल तर गेमची प्रगती क्लाउडवर जात नाही, आणि पीएस5 च्या गेमचे सेव्ह, म्हणजे ही साठवलेली प्रगती, पेनड्राइव्हवरही उतरत नाहीत. स्टीमवर ती सोय फुकट आहे. फोर्टनाइटला फरक पडत नाही, त्याचं सगळं कंपनीच्याच सर्व्हरवर असतं.

प्रेषक: रविवारच्या मराठी शाळेतली एक आई

ठरलं. पीएस5, प्लस नाही. चिरंजीवांना निर्णय कळवला तर म्हणाले, हे काका कोण?

काकू, शिटी माझ्याकडे आहे. रविवारी शाळेत घेऊन येते.